सगळे परवाने आहेत, झाडेही लावली. तरी गाव विरोधात का?

एका खाण कंपनीच्या पर्यावरण आणि समाज विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याचा प्रश्न आहे: "आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत. दरवर्षी हजारो रोपे लावतो, गावात शाळा आणि फिरता दवाखाना चालवतो. तरीही गावाचा विरोध वाढतोच आहे. आम्ही कुठे कमी पडतो आणि सुरुवात कुठून करावी?"

तुम्ही दिलेल्या यादीत खाणीच्या आतली एकही गोष्ट नाही. रोपे कुंपणालगत, शाळा गावात, दवाखाना रस्त्यावर. खाण किती पाणी उपसणार, गाळ कशाच्या आधारावर साठवणार, दगडाचे ढीग कुठे रचणार आणि शेवटी मागे काय ठेवून जाणार, हे ठरवणारी माणसे दुसऱ्या खोलीत बसतात. त्या बैठकीला तुम्हाला बोलावले जात नाही. गावाला मात्र त्याच निर्णयांसोबत जगायचे असते. माझ्या अनुभवात ज्या खाणींनी शेजाऱ्यांशी चांगले संबंध टिकवले, तिथे जबाबदारी खाणकामाच्या आराखड्यात आणि मुख्य खर्चपत्रकात दिसत होती. समाजकार्याचा निधी त्यापुढे किरकोळ होता.

आधी परवानग्यांबद्दल. परवानगी म्हणजे कायद्याने घालून दिलेली किमान पायरी. ऑस्ट्रेलियात पिलबारा भागातल्या जुकान घळीत, जिथे मानवी वावराच्या 46,000 वर्षांपूर्वीपर्यंतच्या खुणा होत्या, त्या गुहा मे 2020 मध्ये लोहखनिजासाठी सुरुंग लावून उडवल्या गेल्या. रिओ टिंटो कंपनीकडे त्याची सरकारी परवानगी 2013 पासून होती. त्यानंतर झालेल्या उत्खननात त्या जागेचे महत्त्व आणखी स्पष्ट झाले आणि तिथल्या पारंपरिक मालकांनी आपली काळजी कंपनीला कळवलीही होती. कायद्याने हात बांधलेले नव्हते, म्हणून कोणी हात आवरला नाही. पुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघा वरिष्ठांना पद सोडावे लागले, पण गुहा परत आल्या नाहीत. "सगळे परवाने आहेत" हे वाक्य गावकऱ्यांसमोर उच्चारू नका. त्यांच्या कानाला ते "तुमचे म्हणणे आता ऐकायची गरज नाही" असे लागते.

आता पाण्याकडे येतो, कारण बहुतेक तंट्यांचे मूळ तिथे सापडते. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की पाणी उपसावे लागते. उपसा सुरू झाला की खाणीभोवती भूजल उलट्या शंकूच्या आकारात खाली जाते आणि त्या शंकूची कड शेजारच्या विहिरींपर्यंत पोचू शकते. विहीर आटली की गाव म्हणते खाणीमुळे, कंपनी म्हणते पाऊस कमी झाला. दोघांपैकी कोण बरोबर हे सांगता यायला हवे असेल तर खाण सुरू होण्यापूर्वीचे, किमान एका पूर्ण वर्षाचे, प्रत्येक ऋतूतले आकडे हातात हवेत: पाणीपातळी, झऱ्यांचा प्रवाह, पाण्याची आम्लता, त्यातले क्षार आणि धातू. हे आकडे नसतील तर कंपनी निर्दोष असली तरी ते सिद्ध करू शकत नाही आणि दोषी असली तर गाव सिद्ध करू शकत नाही. मोजणीच्या वेळी गावातली माणसे सोबत असू द्या. नमुन्याची दुसरी बाटली त्यांना द्या आणि ती त्यांच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत जाऊ द्या. तुमच्या रंगीत अहवालापेक्षा त्या एका बाटलीवर लोकांचा विश्वास जास्त बसतो.

पाण्याचा दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो खाण बंद झाल्यावरही संपत नाही. तांबे, जस्त, शिसे, सोने, कित्येक ठिकाणी कोळसाही, यांच्या खडकात पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज असते. जमिनीखाली ते शांत असते. उकरून वर आणले, हवा आणि पाणी मिळाले, की त्यातून गंधकाम्ल तयार होते. काही जिवाणू ही क्रिया अनेक पटींनी वेगवान करतात. ते आम्ल खडकातले इतर धातू विरघळवत ओढ्यात उतरते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत पाण्याचा सामू (pH, जितका कमी तितके पाणी जास्त आम्लधर्मी) उणे 3.6 इतका मोजला गेला आहे. निसर्गात नोंदलेल्या सर्वांत आम्लधर्मी पाण्यांत त्याची गणना होते. एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबवणे फार अवघड असते. पाणी वर्षानुवर्षे गोळा करून चुन्याने उदासीन करत राहावे लागते.

म्हणून ते सुरू होऊ न देणे हाच खरा उपाय, आणि तो पहिल्या सुरुंगाच्या आधीच करावा लागतो. खनिजाच्या शोधासाठी जमिनीत भोके पाडताना निघालेल्या खडकाच्या गाभ्याची चाचणी घ्या: त्यात आम्ल बनवणारा भाग किती आणि आम्ल शोषणारा चुनखडीसारखा भाग किती. ही चाचणी झटपट होते, पण तेवढ्यावर थांबू नका. खडकाचा चुरा दर आठवड्याला ओला-कोरडा करत त्यातून काय झिरपते ते महिनोन्‌महिने तपासणारी दुसरी चाचणी असते. ती टाळली जाते, कारण वेळ खाते. या चाचण्यांवरून प्रत्येक बेंचवरचा, म्हणजे खाणीतल्या प्रत्येक पायरीवरचा, कोणता दगड कुठे जाणार ते ठरते. आम्ल बनवणारा दगड वेगळा ठेवणे, त्याला हवा लागू नये म्हणून मातीच्या थराने झाकणे किंवा कायम पाण्याखाली ठेवणे, हे ट्रकचालकाला रोज मिळणाऱ्या सूचनेत असावे लागते. पर्यावरण विभागाच्या फायलीत असून काही होत नाही.

गाळाच्या धरणांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिथे एका फटक्यात शेकडो माणसे मरू शकतात. तांब्याचे प्रमाण 0.6 टक्के असलेल्या खनिजातून, 1000 किलो दळल्यावर, फार तर 6 किलो तांबे मिळते. उरलेला जवळपास सगळा भाग पाण्यासोबत बारीक गाळ होऊन बाहेर पडतो. त्यालाच आपण टेलिंग्ज म्हणतो. तो बांध घालून साठवतात आणि गाळ वाढेल तसा बांध उंचावतात. सर्वांत स्वस्त पद्धत अशी की पुढचा थर आधीच साठलेल्या गाळावरच उभा करायचा. त्याला अपस्ट्रीम पद्धत म्हणतात. बांधाचा पाया म्हणजे आतला ओला गाळच. तो भिजलेला आणि सैल असेल तर ठरावीक ताणानंतर घन वागणे सोडून एकदम द्रवासारखा वाहू लागतो.

ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो इथे 25 जानेवारी 2019 रोजी नेमके हे झाले. धरण 86 मीटर उंच होते आणि 2016 पासून त्यात नवा गाळ टाकणे बंद होते. स्थिरतेचे प्रमाणपत्र होते. धरणाखालीच कंपनीची कार्यालये आणि उपाहारगृह होते आणि वेळ जेवणाची होती. 270 माणसे गेली. सायरन वाजलाच नाही. तपास करणाऱ्या तज्ज्ञांनी नोंदवलेली एक गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवायला हवी: धरणावर भरपूर मोजमापयंत्रे होती आणि त्यांपैकी कशानेही फुटण्यापूर्वी लक्षणीय हालचाल दाखवली नाही. "आम्ही लक्ष ठेवून आहोत" हे उत्तर अशा ठिसूळ धरणाला पुरत नाही. अशा ठिकाणी यंत्रे वाढवत बसण्यापेक्षा खालची माणसे हलवावी लागतात, पाण्याचा निचरा करावा लागतो आणि बांध खालच्या बाजूने भक्कम करावा लागतो.

ब्राझीलच्या याच राज्यात 2015 मध्ये मारियानाजवळचे गाळाचे धरण फुटून 19 जण मेले होते आणि गाळ डोसी नदीतून 600 किलोमीटरहून जास्त वाहत अटलांटिक महासागराला मिळाला होता. त्याआधी कितीतरी वर्षे, 1965 मध्ये, चिलीत भूकंपाने एल कोब्रे इथली गाळाची धरणे फुटली आणि 200 हून अधिक माणसे दगावली. चिलीने 1970 मध्ये अपस्ट्रीम पद्धतीवर बंदी घातली. ब्राझीलमध्ये ती बंदी 2019 मध्ये आली. धोका माहीत नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. स्वस्त पर्याय सोडायची तयारी नव्हती.

ऑगस्ट 2020 मध्ये गाळ-व्यवस्थापनाचे जागतिक मानक प्रसिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, मोठ्या खाण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय परिषद आणि जबाबदार गुंतवणूकदारांचा गट यांनी ते मिळून आणले. त्यात 77 अटी आहेत. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती जबाबदारी निश्चित करण्याची: प्रत्येक धरणासाठी थेट मुख्य अधिकाऱ्याला उत्तर देणारा एक जबाबदार वरिष्ठ, एक नाव असलेला अभियंता आणि कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांची तपासणी. शिवाय धरण फुटले तर पाणी-गाळ कुठवर, किती मिनिटांत पोचेल याचा अभ्यास आणि खालच्या वस्तीसोबत केलेली आपत्कालीन तयारी. शक्य असेल तिथे गाळातले पाणी गाळून काढून तो ओलसर मातीसारखा रचून ठेवणे हा चांगला पर्याय आहे. खर्च जास्त येतो, वीज लागते, पण पाणी परत मिळते आणि भिंतीमागे द्रवाचा साठा राहत नाही.

धोका फक्त धरणांचा असतो असेही समजू नका. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर कोळसा खाणीच्या दगड-मातीचा ढीग घसरला. तो झऱ्यांवर रचलेला होता. 144 जण मेले, त्यांतली 116 मुले होती. बहुतेक त्या वेळी शाळेत होती. गावाने ढिगाची तक्रार आधीपासून केली होती. पुढचा भाग मला आजही संतापजनक वाटतो: उरलेले ढीग हटवण्याच्या खर्चासाठी, पीडितांसाठी लोकांनी जमवलेल्या निधीतून 1,50,000 पौंड घेण्यात आले. ती रक्कम 1997 मध्ये परत केली गेली. कोणत्याही खाणीतला दगडाचा ढीग पाहायला गेलात तर त्याच्या माथ्यावर जाण्याआधी पायथ्याशी पाणी कुठून येते ते बघा.

धुळीबद्दल फार लिहीत नाही, उपाय सगळ्यांना माहीत आहेत: ओले वेधन, रस्त्यांवर पाणी, खनिज वाहून नेणारे झाकलेले पट्टे, बंदिस्त क्रशर. मुखपट्टी हा शेवटचा उपाय असतो, पहिला नव्हे. सिलिकायुक्त बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस बरा होत नाही, आणि सर्वांत जास्त धूळ बहुधा कंत्राटी कामगार खातात. त्यांची वैद्यकीय तपासणी कायम कामगारांसारखीच होते का ते विचारा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1995 च्या 176 व्या कराराने खाणीतल्या कामगाराला गंभीर धोका दिसल्यास ती जागा सोडून जाण्याचा हक्क दिला आहे. तुमच्या खाणीत तो हक्क वापरणाऱ्याची पुढे कामाची पाळी कापली जाते की नाही, यावरून बरेच काही कळते.

जमीन आणि माणसे. रोख भरपाई देऊन विषय संपला असे मानणे ही या उद्योगाची जुनी खोड आहे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देते. रोख रक्कम घर, वाहन, लग्न यांत लवकर संपते. भरपाई कागदावर ज्याचे नाव त्याला मिळते, त्यामुळे कुळे, शेतमजूर, गुरे चारणारे आणि घरातल्या बायका अनेकदा रिकाम्या हाताने राहतात. जागतिक बँकगटाच्या वित्त महामंडळाचे पाचवे कार्यमानक सांगते की उपजीविका पूर्वीइतकी किंवा त्याहून चांगली व्हायला हवी. म्हणजे घर बांधून दिल्यावरही काही वर्षे त्या कुटुंबांचे उत्पन्न मोजत राहावे लागते. बहुतेक कंपन्या घराच्या किल्ल्या देतानाचा फोटो काढून थांबतात.

संमतीचा अर्थ "नाही" म्हणता येणे. मूळनिवासी समाजांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्याने स्वतंत्र, आगाऊ आणि पूर्ण माहितीवर आधारलेल्या संमतीचे तत्त्व मांडले. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइटच्या प्रस्तावित खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. अशा नकाराला अडथळा समजणारा अधिकारी या कामाला योग्य नाही. उलट उदाहरण पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटाचे आहे. पांगुना तांबेखाण 1972 ते 1989 चालली. एक अब्ज टनांहून अधिक टाकाऊ गाळ-दगड नदीखोऱ्यात गेला, स्थानिकांच्या वाट्याला लाभ थोडा आला आणि नुकसान सगळे आले. त्या असंतोषातून बंड झाले, खाण बंद पडली आणि पुढचे यादवी युद्ध जवळपास दहा वर्षे चालले. तिथल्या नद्यांचा प्रश्न आजही मिटलेला नाही.

रोजच्या पातळीवर तक्रारींची साधी, प्रामाणिक व्यवस्था लागते. घराला तडे गेल्याची तक्रार घ्या. पहिल्या सुरुंगाआधी आसपासच्या प्रत्येक घराच्या भिंतींचे फोटो, घरमालकासमोर आणि त्याच्या सहीने, घेतलेले असतील आणि प्रत्येक स्फोटाच्या कंपनांची नोंद असेल तर तक्रार आठवड्यात मिटते. नसेल तर ती न्यायालयात वर्षानुवर्षे राहते. तक्रारीला उत्तर किती दिवसांत द्यायचे ते जाहीर करा, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच तिचा निवाडा करू देऊ नका.

शेवटी पैशाचा मुद्दा, म्हणजे खाण बंद करण्याचा खर्च. जबाबदारीचे खरे मोजमाप मी इथे करतो. कॅनडातल्या यलोनाइफजवळची जायंट सोन्याची खाण 1948 मध्ये सुरू झाली. खनिज भाजताना निघालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची 2,37,000 टन भुकटी जमिनीखालच्या कप्प्यांत साठवली गेली. कंपनी 1999 मध्ये दिवाळखोरीत निघाली. आता ते कप्पे गोठवून ठेवण्याचे काम सरकार करते आहे. एकूण अंदाजित खर्च 4 अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक आहे आणि देखरेखीला शेवटची तारीख नाही. सोने कंपनीला मिळाले, विष जनतेकडे राहिले.

हे टाळायचे तर बंद करण्याचा पूर्ण खर्च खाण कमावत असतानाच बाजूला काढून कंपनीच्या हाताबाहेर ठेवावा लागतो. तीन ठिकाणी फसवणूक होते, तिथे बारीक बघा. खर्चाचा अंदाज कंपनीची स्वतःची यंत्रे वापरून केलेला असतो. दिवाळखोरीनंतर मात्र काम बाहेरच्या कंत्राटदाराला बाजारभावाने द्यावे लागते. हमी कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदाची असते. ताळेबंदच कोसळला की हमीही जाते, म्हणून रोख किंवा पक्की बँक हमी हवी. आणि सवलतीचा दर, म्हणजे भविष्यातल्या खर्चाची आजची किंमत काढताना वापरलेला व्याजासारखा दर, चढा धरलेला असतो: 8 टक्के दराने 50 वर्षांनंतर लागणारे 100 रुपये आज सुमारे 2 रुपये दिसतात, त्यामुळे शतकभराची जलशुद्धी कागदावर जवळपास फुकट वाटते. शिवाय आयुष्य संपत आलेली खाण मोठ्या कंपनीने छोट्या, दुबळ्या कंपनीला विकणे हा नेहमीचा प्रकार आहे. विक्रीबरोबर हमीही पूर्ण रकमेने हस्तांतरित झाली का, हे विचारणारे कोणी तरी असले पाहिजे.

झाडांचेही इथेच येते. खणलेली जमीन पूर्ववत करणे हे शेवटी करायचे काम नसून दरवर्षी करायचे आहे: खणून झालेला भाग लगेच आकार देऊन, वरचा सुपीक थर टाकून हिरवा करायचा. हा थर उंच ढिगात वर्षानुवर्षे ठेवला तर त्यातली बीजे आणि सूक्ष्मजीव मरतात. काढला तसा दुसरीकडे पसरला तर जंगल कितीतरी लवकर उठते. एकाच जातीची लवकर वाढणारी रोपे लावून आकडा फुगवण्यापेक्षा तिसऱ्या वर्षी किती जगली आणि किती प्रकारची आहेत ते छापा.

तर सुरुवात. पुढच्या तीन महिन्यांत तीन कागद मिळवा: खाणीचा जलताळेबंद (पाणी कुठून किती येते आणि कुठे किती जाते याचा हिशोब), गाळाचे धरण फुटल्यास बुडणाऱ्या भागाचा नकाशा आणि बंद करण्याच्या खर्चाचा सविस्तर अंदाज, त्याच्यामागच्या हमीसकट. एखादा कागद अस्तित्वातच नसेल तर तुमचे पहिले काम तो करवून घेणे. मिळाले की वरिष्ठांची संमती घेऊन ते गावकऱ्यांच्या भाषेत, त्यांच्या सभेत मांडा. त्यात नकाशावर घरे ओळखता आली पाहिजेत. प्रश्न येतील, काही वेळा शिवीगाळही होईल. उत्तर माहीत नसेल तिथे तारीख द्या आणि ती पाळा. शाळा बंद करू नका, पण खाण संपल्यावर शिक्षकांचा पगार कोण देणार ते आजच ठरवून तिचा कारभार हळूहळू स्थानिकांकडे द्या. आणि हे कागद मागितल्यावर कोणी टाळाटाळ केली तर मागणी लेखी करा, धरणासाठी जबाबदार असलेल्या वरिष्ठाच्या नावाने.